ठेवलेले हात

१

सकाळी आठ वाजता बिभीषण कमानीखाली यायचा, जेवणाचा डबा खुंटीला अडकवायचा आणि भिंत पायथ्यापासून वरपर्यंत नजरेखालून घालायचा. डॉक्टर पेशंटला बघतो तसं, असं तो स्वतःच म्हणायचा. खिंडवाडीत दुसरं कुणी असं म्हणायला तयार नव्हतं. गावाच्या लेखी तो चांगल्या भिंतीला चिखल फासत होता आणि वर त्याचा पगार घेत होता.

कमान जुन्या जकात चौकीची. पाथर्डीकडून खिंड चढणारी वाट एके काळी हिच्याखालूनच जायची. पुढं डांबरी रस्ता शेजारून निघाला आणि कमान नुसतीच उभी राहिली. खाली दगड, वर वीट, त्यावर चुन्याचा गिलावा. त्या गिलाव्याला आता लोणा लागला होता. जमिनीतलं मीठ ओलीबरोबर भिंतीत चढतं, वरच्या थरापाशी येऊन फुगतं आणि गिलाव्याचे पापुद्रे सोडवतं. रोज सकाळी भिंतीखाली मूठभर पांढरी भुकटी पडलेली असायची.

हे मीठ काढायचं काम नगरच्या अश्विनी मॅडमकडे आलं होतं. जुन्या इमारतींची दुरुस्ती हाच त्यांचा व्यवसाय. बिभीषणनं अठरा वर्षं ऊस तोडला होता, पण मागचे दोन पावसाळे त्यानं मॅडमच्या हाताखाली चुन्याचं काम केलं आणि त्यात त्याचा हात बसला. म्हणून हे काम त्याला मिळालं. अठरा वर्षांत पहिल्यांदाच दिवाळीनंतर तो गावात राहिला होता, आणि त्याचा त्याला मनापासून अभिमान होता.

काम सोपं, फक्त धीराचं. कागदाचा लगदा आणि पांढरी माती कॅनमधल्या शुद्ध पाण्यात कालवायची आणि त्याचा बोटभर जाड लेप भिंतीवर द्यायचा. भिंत ओल पिते, आतलं मीठ विरघळतं. मग लेप बाहेरून सुकायला लागतो आणि ओल मिठाला बरोबर घेऊन लेपात येते. दहा-बारा दिवसांत लेप खडखडीत वाळतो आणि आपला आपण सुटतो. नियम दोनच. लेप ओला असताना काढायचा नाही, नाहीतर मीठ उलटं खोल जातं. आणि सुटलेला लेप लांब नेऊन पुरायचा, पुन्हा कशात वापरायचा नाही.

आता, एक गोष्ट बिभीषणनं मॅडमना सांगितली नव्हती.

खिंडवाडीचे लोक दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात तेव्हा ट्रॅक्टर कमानीच्या पलीकडं उभा राहतो. माणसं पायी कमानीतून जातात आणि जाताना प्रत्येक जण डाव्या हाताच्या भिंतीवर उजवा पंजा टेकवतो. वरच्या अंगाला पुरुष, खालच्या अंगाला बायका. ज्याची त्याची जागा ठरलेली. चैतात परत आलं की त्याच जागी पुन्हा पंजा टेकवायचा आणि मगच गावात पाऊल टाकायचं. जाताना त्याला हात ठेवणं म्हणतात, येताना हात उचलणं. का, ते कुणी कुणाला विचारत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या घामानं तिथं काळपट डाग पडले होते.

पहिल्याच दिवशी अश्विनी मॅडमनी ते डाग बघून विचारलं होतं, "हे काय आहे, बिभीषणभाऊ? काही प्रथा वगैरे आहे का? तसं असेल तर आपण एवढा भाग सोडून देऊ."

मॅडमच्या हातात मीठ मोजायचा मीटर होता, गळ्यात कॅमेरा होता. बिभीषणला एकदम लाज वाटली. एवढं शिकवून, विश्वासानं काम दिलं, आणि आपण त्यांना हे काय सांगायचं?

"काही नाही मॅडम," तो म्हणाला. "लोक येता-जाता हात टेकतात."

मॅडमनी वहीत लिहिलं, मळ आणि क्षार, काढून टाकणे.

आणि त्याच्या बायकोनं, चांगुणानं, जाताना नेमकं तेवढंच मागितलं होतं. तिच्या भावाची, अंगदची, बायको बाळंत होणार होती. तोडीला दोघांची जोडी मिळून एक कोयता धरतात, एकट्याला घेत नाहीत, म्हणून यंदा चांगुणा भावाबरोबर कराडच्या बाजूला गेली. कमानीत हात ठेवून ती वळली आणि म्हणाली, "आवं, तुमी हितंच काम करनार. माजा हात तेवढा संबाळा."

"हात कोन काढतंय?" बिभीषण हसला होता. "मीठ काढायचंय."

२

वरच्या पट्ट्याचा लेप बाराव्या दिवशी सुटला. सकाळच्या उन्हात पापडासारखा कडेनं उचलला आणि तुकड्यातुकड्यानं बिभीषणच्या हातात आला. त्याला ते फार आवडायचं. भिंतीनं आपण होऊन काहीतरी परत दिल्यासारखं वाटायचं.

पहिला तुकडा त्यानं उलटा केला. भिंतीला चिकटलेल्या बाजूवर पंजा होता.

डाग नव्हे. उठावाचा पंजा. तळहाताचा फुगवटा, बोटांची पेरं, मधल्या रेघा, सगळं लगद्यात वर आलेलं. साच्यातून मूर्ती काढावी तसं. बिभीषण जरा वेळ कौतुकानं बघत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की लगद्यावर असा उठाव यायचा तर भिंतीत तेवढा खळगा पाहिजे.

त्यानं भिंतीवरून हात फिरवला. पाटीसारखी सपाट. डागसुद्धा राहिला नव्हता.

असे पंजे निघाले सात. त्या पट्ट्यावर डाग शंभराच्या वर असतील. मेलेल्या माणसांचे, बापजाद्यांचे, ज्यांनी कधीच तोड सोडली त्यांचे. त्या ठिकाणचा लेप नुसता सपाट आणि पांढरा. फक्त सात ठिकाणी उठाव. बिभीषणनं विचार केला. जिथं मीठ जास्त तिथं लगदा कमी आकसत असेल, म्हणून तेवढाच वर राहिला असेल. हे पटण्यासारखं होतं, आणि त्यानं ते स्वतःला लगेच पटवून टाकलं.

मग त्यानं दुसरी चूक केली. ती खिंडवाडीतल्या कुणाही माणसाकडून झाली असती.

लेप लांब नेऊन पुरायचा होता. पण गावाला टँकर चार दिवसांनी येतो. कॅनच्या तळाशी राहिलेलं चांगलं पाणी ओतून द्यायचं आणि वर टोपलीभर कागदाचा लगदा मातीत घालायचा, हे त्याच्या हातून होईना. घराच्या पडवीची मागची भिंत पावसाळ्यात पडझडली होती, आणि मातीत कागद पडला तर लिंपण लोखंडासारखं बसतं हे त्याला ठाऊक होतं. थोडं मीठ जाईल आपल्या भिंतीत. जाऊ दे. त्यानं सातही तुकडे ड्रममध्ये टाकले, काठीनं ढवळून त्यांचं पाणी केलं, ते माती आणि शेणात ओतलं आणि अर्धा दिवस पायांनी तुडवलं. संध्याकाळपर्यंत भिंत लिंपून झाली. छान दिसत होती.

तो शेवटचा हात फिरवत असताना रंगुबाई शेळ्या घेऊन तिथून चालली होती. म्हातारीचं आता तोडीला जायचं वय राहिलं नव्हतं. ती थांबली.

"कमानीचं हाय का रं ह्ये?"

"व्हय मावशे."

"समदं एका जागी कालवलंस?"

"व्हय की. का गं?"

रंगुबाई त्याच्याकडं बघत राहिली. रागानं नव्हे. एखाद्याच्या घरची वाईट बातमी आपल्याला आधी कळावी आणि त्याला अजून कळलेली नसावी, तसं. मग तिनं शेळ्या वळवल्या. त्या दिवसापासून ती त्याच्या घरावरून जायची बंद झाली. रोज लांबचा फेरा घालून रानात जायची.

३

चांगुणाचा फोन जेवणवेळेला यायचा, अंगदच्या मोबाईलवरून. एरवी बोलणं ठरलेलं. जेवलासा का, शेळी व्याली का, थंडी किती. लिंपणानंतर तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बजरंगभावजींच्या हातनं कोयता निसटला. पायावर पडला. टाकं घातल्यात."

"कसा काय निसटला? त्याच्यासारखा तोडनारा न्हाई."

"त्येच तर. त्यास्नी हातात काय धरवंनाच झालंय. आन् त्यास्नी एकल्यालाच न्हाई. आपल्या वाडीच्या साती गड्यांचं तसंच. मोळीची गाठ बसंना. मुकादम म्हनतो, थंडीनं आखडलं असतील."

"अंगदचं काय?"

"त्याला काय न्हाई." अंगद दुसऱ्या गावचा. तो कमानीतून गेला नव्हता.

"थंडीच असंल," बिभीषण म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला जेवण गेलं नाही. सात हा काही फार मोठा आकडा नाही, सात माणसं कुठंही निघतात, असं तो मनाशी घोकत बसला.

गुरुवारी अश्विनी मॅडम आल्या. भिंतीला बारीक भोक पाडून त्यांनी पूड काढली, पाण्यात कालवली, मीटर बुडवला. मग मीटर पुसून पुन्हा बुडवला.

"एका लेपात?" त्या म्हणाल्या. "तीन लेप दिले तरी थोडं मीठ उरतंच, बिभीषणभाऊ. इथं काहीच नाही. मी असं कधी पाहिलं नाही." त्या खूश झाल्या होत्या. "आजच खालचा पट्टा घेऊ."

खालचा पट्टा बायकांचा.

"मॅडम, खालचा राहू द्या."

"का?"

आता सांगायचं. एवढाच क्षण होता, हे बिभीषणला नंतर हजार वेळा आठवलं. मॅडम चांगल्या होत्या. हसल्या नसत्या. पण सांगायचं तरी काय? सात गड्यांच्या हातातून कोयते निसटतायत, म्हणून लेप नको?

"लगदा संपलाय," तो म्हणाला.

"मी आणलाय ना गाडीत."

त्यांनी बाह्या वर केल्या आणि स्वतः कालवायला बसल्या. दुपारपर्यंत दोघांनी मिळून अख्खा खालचा पट्टा लेपला. चांगुणाची जागा त्याच्या मेलेल्या आईच्या हाताखाली, विटेच्या एका खपलीपाशी होती. तिथं लेप द्यायला नेमक्या मॅडमच बसल्या. आपल्या गोऱ्या हातानं त्यांनी लगदा नीट दाबला, कडा बसवल्या आणि वरून दोन हलक्या थापा मारल्या, लहान पोराला झोपवताना मारतात तशा.

४

हंगामात खिंडवाडीत दुपारी माणूस दिसत नव्हतं. म्हातारी-कोतारी आणि कुत्री, बाकी घरांना कुलपं. कमानीखाली बसलं की स्वतःचा श्वास ऐकू यायचा. त्यात लेप सुकायचा आवाज. तो नेहमीच येतो. सुकताना लगदा ताणला जातो आणि बारीक टिक, टिक करतो. बिभीषणला तो चांगला ओळखीचा होता.

चौथ्या दिवशी त्या टिकटिकीत दुसरा आवाज मिसळला. वाळलेल्या उसाच्या पाल्यावरून हात फिरवावा तसा सळसळणारा, आणि तो लेपाच्या आतून येत होता. बिभीषण उठला, भिंतीजवळ गेला. आवाज थांबला. तो मागं सरकला. पुन्हा सुरू.

त्यानं लेपाच्या कडेत बोट खुपसलं. आत अजून ओल होती. एवढ्या थंडीत ती ओल कोमट होती.

ओरबाडून काढावा असं त्याला फार वाटलं. पण ओला काढला की मीठ खोल जातं. आणि वाळू दिला की सगळं बाहेर येतं. जी विद्या शिकल्याचा एवढा अभिमान होता, तिनंच त्याला दोन्हीकडून कोंडलं होतं. भिंतीसमोर हात बांधून बसण्यापलीकडं त्याला काही करता येईना. तो रोज तिथं बसू लागला.

आठव्या दिवशी फोन अंगदनं लावला. "दाजी, ताईला फोन धरवत न्हाई. मी तिच्या कानाला लावतो."

"काय झालं गं?"

"काय न्हाई," चांगुणा म्हणाली. "हात नुसता गार पडलाय. दुकत-बिकत न्हाई."

"उजवा?"

पलीकडं कुणीतरी चुलीत पाचट सारत होतं, त्याचा आवाज येत होता.

"मी कोंचा ते सांगितलंच न्हाई," चांगुणा म्हणाली. "तुमी माजा हात काढला काय?"

"न्हाई," बिभीषण म्हणाला. "तुजा हात हाय तिथंच हाय."

अठरा वर्षांच्या संसारात तो तिच्याशी इतकं सरळ खोटं कधी बोलला नव्हता.

५

बाराव्या दिवशी लेप सुटला. आठ उठाव. वाडीतल्या सात बायका आणि चांगुणा. तिचा तर त्यानं तुकडा उलटताच ओळखला. अंगठ्याच्या बुडाशी तिरपा वण होता. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात तिला कोयता लागला होता आणि त्यानंच आपल्या फेट्याची चिंधी फाडून तो बांधला होता. लगद्यात तो वण जसाच्या तसा होता. बाजूला पाल्यानं कापलेल्या बारीक रेघाही होत्या. त्या मात्र दिवाळीला, जाताना, तिच्या हातावर नव्हत्या.

हे पंजे त्यानं ढवळले नाहीत. एकेक वेगळा करून वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पत्र्याच्या पेटीत घालून पेटी खाटेखाली सारली. मॅडमना फोनवर सांगितलं की लेप पुरला.

कमानीची भिंत आता सुरेख झाली होती. मॅडमनी येऊन चुन्याचा शेवटचा हात दिला, फोटो काढले, त्याची पाठ थोपटली आणि काम संपलं. पुढच्या कामाला बोलावते म्हणाल्या. बिभीषणला आनंद व्हायला हवा होता.

तोवर पडवीतल्या लिंपणानं ओल धरली होती.

टँकरचं पाणी संपलेलं, हवा कोरडीठक्क, आणि त्या भिंतीला घाम फुटल्यासारखा ओला पट्टा. मधोमध लिंपण फुगत होतं. लोणा, बिभीषण म्हणाला. आपणच मीठ घातलं, आपल्यालाच फळ. भिंतीचे रोग त्याच्याइतके गावात कुणाला कळत नव्हते. पण लोणा भिंत फुगवतो तेव्हा पापुद्रा सुटतो, भुकटी पडते. इथं भुकटीचा कण पडला नव्हता. लिंपण आतून बाहेर येत होतं, आणि ऐन दुपारी सगळं शांत असलं की त्यातून थापा ऐकू यायच्या. बाई गोवऱ्या थापते तशा, ओल्या, सावकाश. एक थाप, मग दोन, मग एकदम पुष्कळ.

एकदा तो धीर करून जवळ गेला. फुगवट्याच्या कडेला त्याला एक पेर दिसलं. नख होतं. त्याच्या शेजारी दुसरं, आणि त्याच्या अगदी अंगाला अंग लावून तिसरं, हाताला असतात त्याहून फार जवळ.

त्यानं धान्याची पत्र्याची कोठी ओढत आणली आणि भिंतीला लावून ठेवली. मग तो पडवीत जायचाच थांबला.

६

गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. ट्रॅक्टर सकाळी कमानीपलीकडं थांबला. बिभीषण अलीकडं उभा होता.

माणसं कमानीत आली आणि घुटमळली. सगळी भिंत पांढरीशुभ्र. ज्यानं त्यानं अंदाजानं आपली जागा शोधली, पंजा टेकवला. दरवर्षी हात टेकवून माणसं चटकन पुढं व्हायची, पोरांना हाका मारायची. यंदा सगळी भिंतीला हात लावून तशीच उभी राहिली, कशाची तरी वाट बघत. मग एकेकानं हात खाली घेतला आणि गावात शिरला. बजरंग लंगडत शेवटी आला.

चांगुणानं हात लावला, काढला, पुन्हा लावला.

"लागत न्हाई," ती हळूच म्हणाली.

बिभीषणनं तिचा हात धरून उलटा केला. तळहात गुळगुळीत होता. रेघ नाही, घट्टा नाही, वण नाही. सपाट, कमानीच्या भिंतीसारखा.

तिला सोडायला आलेला अंगद म्हणाला, "कोयत्यानं झिजत्यात रेघा, दाजी. रेशनच्या मशीनवर माजाबी अंगठा उमटत न्हाई." असं म्हणताना त्यानं बहिणीच्या हाताकडं मात्र बघितलं नाही.

घरी चांगुणानं पाण्याचा तांब्या उचलला आणि तो तिच्या हातून सुटला. पाणी जमिनीवर पसरलं. ते वाया गेलं म्हणून तिला रडू आलं. तेव्हा बिभीषणला राहवेना. त्यानं पेटी ओढली, वर्तमानपत्र सोडलं आणि तो पंजा तिच्या पुढ्यात धरला.

ती रागावली नाही. नुसतं बघून घेतलं, आणि कमानीत परत येताना टेकवतात तसा तिनं आपला हात त्यावर टेकवला. बराच वेळ. बिभीषण लगद्याचा तुकडा धरून बसला होता, त्याच्या बोटांना पलीकडून तिच्या नाडीचे ठोके लागत होते. तिनं हात उचलला तेव्हा लगदा सपाट झाला होता, आणि तिच्या तळहातावर वण होता, घट्टे होते, पाल्यानं कापलेल्या रेघा होत्या. एकीतून रक्त येत होतं. तिनं तांब्या उचलला आणि घट्ट धरला.

बिभीषण लहान पोरासारखा रडला. "चुकलं माजं," तो म्हणाला. "लाज वाटली म्हनून बोललो न्हाई." चांगुणानं त्याच्या डोक्यावर तो हात ठेवला. आपण सुटलो असं त्याला वाटलं. इतकं हलकं त्याला वर्षभरात वाटलं नव्हतं.

चांगुणा बायकांना सांगून आली. दुपारपर्यंत सातही जणी आल्या, ओळीनं खाटेपाशी बसल्या, आपापला तुकडा घेऊन हात उचलून गेल्या. कुणी त्याला बोल लावला नाही. एक जण जाताना हसलीसुद्धा. पेटी रिकामी झाली.

उन्हं कलली तेव्हा अंगणात बजरंग उभा होता. त्याच्या मागं आणखी सहा जण. सगळ्यांनी उजवा हात पोटाशी धरला होता.

"बायकांचं दिलंस," बजरंग म्हणाला. "बरं केलंस. आता आमचं दे."

तेवढ्यात आतून, पडवीतून, थापा ऐकू आल्या. एक, मग दोन, मग एकदम पुष्कळ. बजरंगनं त्या ऐकल्या. तो लंगडत आत गेला आणि डाव्या हातानं कोठी बाजूला ढकलली.

दारातून कलतं ऊन थेट भिंतीवर पडलं. बिभीषणनं एकदाच बघितलं. मधोमध एक तळहात वर आला होता, सुपाएवढा. त्याच्यावरच्या रेघा एकमेकींत शिरून गुंतल्या होत्या. आणि चहूबाजूंनी बोटं. आखूड, लांब, वाकडी, एकमेकांच्या आत-बाहेर उगवलेली, सगळी ओली, आणि सगळी हळूहळू चाचपडणारी.

बजरंग ओरडला नाही. तो भिंतीपुढं उभा राहिला. आपला गुळगुळीत पंजा त्यानं वर नेला, एका जागी धरला, मग दुसऱ्या जागी. टेकवला मात्र नाही. अठरा हंगाम बिभीषणच्या शेजारी तोडणारा माणूस तो. त्यानं मान वळवली.

"बिभीषणा," त्यानं विचारलं, "ह्यातला माजा कोंचा?"

बिभीषणनं ते स्वतःच्या पायांनी तुडवलं होतं. त्यालाही सांगता येईना. बाहेर अंगणात बाकीचे सहा जण आपली पाळी यायची वाट बघत उभे होते.